एका थराचा पदार्थ आणि विषाणूची झटपट पारख

धंद्यात मालाला जसा भाव असतो तसा वेळेलाही असतो. लग्नसराईचा माल लग्नसराई उलटल्यावर दुकानात आला तर तो निम्म्या दरानेही उठत नाही. रोगाच्या तपासणीचा अहवालही असाच जिन्नस आहे. तो खरा असला पाहिजे आणि वेळेवरही आला पाहिजे. चार दिवसांनी आलेला खरा अहवाल रुग्णाच्या उपयोगी पडेल. पण त्या चार दिवसांत जो संसर्ग पसरला, जे दुकान बंद राहिले, जो कारागीर रोजाला मुकला, त्याची भरपाई तो अहवाल करू शकत नाही.

गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी या उशिरावर एक नवा इलाज शोधायला घेतला आहे. अवघ्या एका अणूच्या जाडीचा पदार्थ घ्यायचा, त्याची पट्टी तयार करायची आणि तिच्यावर रुग्णाच्या नमुन्याचा थेंब टाकून काही मिनिटांत विषाणू आहे की नाही हे पाहायचे, असा हा प्रयत्न आहे. हे काम मोठमोठ्या प्रयोगशाळांतून चालते, त्याचा आपल्या पेठेशी काय संबंध, असे काही बंधू विचारतील. संबंध दोन बाजूंनी आहे. अशी पट्टी उद्या बाजारात आली तर तिचा सर्वांत जास्त फायदा रोजच्या कमाईवर जगणाऱ्या माणसाला होईल. आणि तिच्या नावावर खोटा माल आला तर त्याचा सर्वांत जास्त तोटाही त्यालाच होईल. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

आम्ही कापडाचे व्यापारी. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले आणि विज्ञान आम्ही पुढे पुस्तके व वर्तमानपत्रे वाचूनच शिकलो. त्यामुळे येथे दाखले कापडाचे येतील. वाचकांनाही तेच सोयीचे होतील असे वाटते.

२०२० मध्ये आपल्याकडे काय झाले

मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर (या शहराचे नाव शासनाने २०२५ मध्ये ईश्वरपूर केले) साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले. परदेशाहून परतलेल्या चौघांचे अहवाल २३ मार्चला बाधित आले आणि आठवड्याभरात त्यांच्या नात्यातील व निकटच्या बाधितांची संख्या दोन डझनांच्या घरात गेली. त्या वेळी सांगली व सातारा या दोन्ही जिल्ह्यांतील नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जात. ही संस्था १९५२ मध्ये स्थापन झाली असून विषाणूंच्या अभ्यासात तिचे नाव देशात पहिल्या रांगेत घेतले जाते. संस्थेच्या कामात कसूर नव्हती. पण सर्व बाजूंनी नमुने एकाच दारात आले म्हणजे रांग लागणारच. पुढे २०२० मध्येच मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणीची सोय झाली, तेव्हा हे अंतर कमी झाले.

नमुना घेतल्यापासून अहवाल येईपर्यंतचा काळ रिकामा असतो, आणि रिकाम्या जागेत सर्वांत आधी अफवा शिरते. त्या दिवसांत कोण कोठे गेला होता, कोणाच्या दुकानातून कोणी सामान नेले, याच्या कहाण्या अहवालाआधी गावोगाव पोहोचत. गिऱ्हाईक अहवालाची वाट पाहत नाही, ते दुकान बदलते. विट्याचा यंत्रमागवाला, मिरजेचा सतार बनवणारा कारागीर, आठवडे बाजारात पाल टाकणारा फेरीवाला यांपैकी कोणालाही नुसत्या संशयावर पंधरा दिवस घरी बसणे परवडत नाही. म्हणूनच लवकर येणारा आणि भरवशाचा अहवाल ही गरिबाची गरज आहे, श्रीमंताची चैन नव्हे.

सध्याच्या दोन पद्धती

विषाणू ओळखण्याच्या दोन पद्धती आता सर्वांच्या परिचयाच्या झाल्या आहेत.

पहिली आरटी-पीसीआर. विषाणूच्या अंगात त्याची ओळख सांगणारा एक जनुकीय धागा असतो. नमुन्यात तो इतका थोडा असतो की सरळ दिसत नाही. म्हणून यंत्रात त्याच्या नकला काढतात. प्रत्येक फेरीत एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ होतात. तीस फेऱ्यांनंतर एका धाग्याचे १०७ कोटी होतात. मग तो लपून राहू शकत नाही. १९८३ मध्ये अमेरिकेच्या कॅरी मलिस यांना ही नकला काढण्याची युक्ती सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पद्धत भरवशाची आहे, पण तिला महाग यंत्र, थंड साठवण, शिकलेला माणूस आणि काही तास लागतात. भारतीय कंपनीने तयार केलेल्या ज्या आरटी-पीसीआर संचाला कोरोनासाठी प्रथम मान्यता मिळाली, तो मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीचा होता, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

दुसरी पद्धत जलद प्रतिजन चाचणीची, म्हणजे रॅपिड अँटिजेन टेस्टची. कंदिलाच्या वातीत जसे तेल चढते तसा नमुन्याचा थेंब कागदासारख्या पट्टीतून पुढे सरकतो. वाटेत त्याला सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवलेली प्रतिपिंडे भेटतात. प्रतिपिंड म्हणजे एका ठरावीक विषाणूलाच ओळखून पकडणारा पदार्थ. विषाणू असेल तर हे कण एका रेषेवर अडकतात आणि लाल रेघ उमटते. पंधरा ते तीस मिनिटांत उत्तर मिळते, यंत्र लागत नाही. पण येथे नकला काढल्या जात नाहीत, त्यामुळे विषाणू थोडे असतील तर रेघ उमटतच नाही.

जून २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) अशा एका संचाला मान्यता देताना त्याचा हिशेबही जाहीर केला होता. दोन ठिकाणच्या पडताळणीत त्या संचाने बाधितांपैकी ५०.६ ते ८४ टक्के माणसे ओळखली, आणि निरोगी माणसांना ९९.३ ते १०० टक्के वेळा निरोगीच ठरवले. म्हणून लक्षणे असूनही 'नाही' असे उत्तर आले तर आरटी-पीसीआर पुन्हा करावी, असे परिषदेने सांगितले.

थोडक्यात, एक पद्धत भरवशाची पण सावकाश, दुसरी झटपट पण कच्च्या नजरेची. दोहोंचे गुण एका पट्टीत आणण्यासाठी एका थराच्या पदार्थांची मदत घेतली जात आहे.

एक थर म्हणजे काय

पेन्सिलीतले शिसे म्हणजे ग्राफाइट. ते कार्बनच्या थरांचे बनलेले असते. कपाटात घडी घालून ठेवलेला ताका डोळ्यांपुढे आणा. घडीवर घडी बसलेली असते, पण प्रत्येक घडी वेगळी करता येते. ग्राफाइटचे थरही असेच एकमेकांवर सैल बसलेले असतात, म्हणून तर पेन्सिल कागदावर उमटते. या ताक्यातली एकच घडी अलग काढली तर तिला ग्राफीन म्हणतात. तिचे विणकाम मधमाशीच्या पोळ्यासारखे सहा कोनांचे असते आणि जाडी एका अणूची. असे सुमारे तीस लाख थर एकावर एक रचले तर कोठे एक मिलिमीटर जाडी भरते.

२००४ मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव यांनी हा एकच थर वेगळा करून दाखवला. त्यासाठी त्यांनी वापरली साधी चिकटपट्टी. ग्राफाइटला पट्टी चिकटवायची, ओढायची, पुन्हा चिकटवायची, पुन्हा ओढायची, असे करत थर पातळ होत गेला. २०१० मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कापडाच्या हिशेबात ग्राफीन कोठे बसते ते पाहा. एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे जीएसएम. शर्टाच्या पॉपलिनचे जीएसएम शंभराच्या आगेमागे असते. एक चौरस मीटर ग्राफीनचे वजन एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही, ०.७७ मिलिग्रॅम भरते. एक ग्रॅम ग्राफीन सुटे करून पसरले आणि त्याच्या दोन्ही बाजू मोजल्या तर सुमारे २६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २६ गुंठे क्षेत्र होते.

याच जातीचे आणखी पदार्थ आहेत. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे काळसर खनिज यंत्राच्या वंगणात पूर्वीपासून वापरले जाते. त्याचेही एकेक थर सुटतात. ग्राफाइटवर तीव्र आम्ल व परमँगनेटची प्रक्रिया करून ग्राफीन ऑक्साइड मिळते, ते पाण्यात चांगले मिसळते. २०११ मध्ये अमेरिकेच्या ड्रेक्सेल विद्यापीठात मॅक्सीन नावाचे नवे कुटुंब सापडले. या सर्वांना लांबी आहे, रुंदी आहे, जाडी नावापुरतीच, म्हणून त्यांना द्विमितीय पदार्थ म्हणतात.

पातळ असण्याचा फायदा काय

रजईवर पाण्याचा एक थेंब पडला तर खालच्या बाजूला हाताला काहीच लागत नाही. तोच थेंब मलमलीवर पडला तर लगेच आरपार कळतो. कारण रजईत पृष्ठभाग थोडा आणि पोट मोठे. मलमल जवळजवळ सारी पृष्ठभागच.

ग्राफीनचेही तसेच आहे. त्याचा प्रत्येक अणू उघड्यावर आहे. त्यातून विजेचा प्रवाह फार सुलभतेने जातो, आणि जवळ काही येऊन बसले की त्या प्रवाहात फरक पडतो. उर्दूत आपण अशा वस्तूला किंवा माणसाला हस्सास म्हणतो. थोड्याशा स्पर्शाने ज्याला कळते, असा. जाड तारेत हा फरक पोटातल्या मोठ्या प्रवाहात बुडून जातो. एका थरात तो बुडायला जागाच नसते.

पट्टी कशी काम करते

शरीरातील एखादा पदार्थ किंवा जंतू ओळखून त्याची खूण विजेच्या अथवा रंगाच्या रूपाने देणारे साधन म्हणजे बायोसेन्सर, मराठीत जैवसंवेदक. मधुमेहाची साखर घरी मोजतो ती पट्टी हा सर्वांत परिचित बायोसेन्सर होय.

विषाणूसाठी ग्राफीनची पट्टी अशी बनते. सिलिकॉनच्या चकतीवर धातूची दोन टोके बसवतात आणि त्यांच्यामध्ये ग्राफीनचा तुकडा अंथरतात. एका टोकाने वीज जाते, दुसऱ्याने बाहेर येते. आता ग्राफीनवर प्रतिपिंड बसवायचे. ते सरळ चिकटत नाही, म्हणून मध्ये एक दुवा घालतात. या दुव्याचे एक अंग चपटे असते, ते ग्राफीनवर घट्ट बसते. दुसऱ्या अंगाला प्रतिपिंड पकडले जाते. कपड्यावर रंग धरावा म्हणून आधी तुरटी लावतात, त्यातलाच हा प्रकार.

नमुन्याचा थेंब पडला आणि त्यात विषाणू असला की प्रतिपिंड त्याला पकडते. विषाणूच्या अंगावरील विद्युतभारामुळे खालच्या ग्राफीनमधील प्रवाह बदलतो आणि यंत्राच्या काट्यावर ते दिसते. नकला काढणे नाही, रंग येण्याची वाट पाहणे नाही.

२०२० मध्ये दक्षिण कोरियाच्या शास्त्रज्ञांनी अशीच पट्टी कोरोनासाठी करून दाखवली. कोरोना विषाणूच्या अंगावरील काट्यांना ओळखणारे प्रतिपिंड त्यांनी ग्राफीनवर बसवले होते. स्वच्छ क्षारद्रावणात त्या पट्टीला एक मिलिलिटरमध्ये एक फेम्टोग्रॅम इतके काट्यांचे प्रथिनही कळले. फेम्टोग्रॅम म्हणजे किती? एका ग्रॅमचे एक कोटी भाग करावेत आणि त्यातील एका भागाचे पुन्हा दहा कोटी भाग करावेत, त्यातला एक.

त्याच वर्षी अमेरिकेतील कॅलटेक संस्थेने वेगळा मार्ग दाखवला. एका खास प्लास्टिकवर लेसरचा किरण फिरवला की तेथेच ग्राफीनसारखा कार्बन तयार होतो. २०१४ मध्ये अमेरिकेच्या राइस विद्यापीठाने ही युक्ती शोधली होती. कॅलटेकने तिच्यावर चार कप्प्यांची पट्टी बनवली. एक कप्पा विषाणूचे प्रथिन पाही, दोन कप्पे शरीराने तयार केलेली दोन प्रकारची प्रतिपिंडे पाहत आणि चौथा शरीरातील दाह मोजत असे. सुमारे दहा मिनिटांत चारही उत्तरे मिळत.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पट्टी तीच ठेवून वरचे प्रतिपिंड बदलले की दुसऱ्या विषाणूची पट्टी होते. छापखान्यात मेज तेच, ठसा बदलला, असा हा मामला आहे. २०२२ मध्ये गुरांना लम्पी रोग झाला तेव्हा महाराष्ट्रात जनावरांचे बाजार बंद करावे लागले होते. बाजाराच्या दारातच जनावराची खात्रीची तपासणी झाली तर सारा बाजार बंद ठेवण्याची पाळी कदाचित येणार नाही. तेव्हा हा विषय केवळ दवाखान्याचा नाही.

अडचणी कोठे आहेत

इतके सारे असताना या पट्ट्या औषधाच्या दुकानात सहज का मिळत नाहीत? बरेचसे काम अजून प्रयोगशाळेतच का आहे? कारणे तीन आहेत.

पहिले कारण मिठाचे. थुंकी, रक्त, शरीरातील सारे द्रव खारट असतात. मिठाचे विद्युतभारित कण विषाणूभोवती गर्दी करतात आणि त्याचा भार झाकून टाकतात. दुकानासमोर माणसांचा घोळका उभा राहिला की रस्त्यावरून आत काय मांडले आहे ते दिसत नाही, तसेच हे. अशा द्रवात भाराचा परिणाम एक नॅनोमीटरच्याही आत संपतो, आणि विषाणूला धरणारे प्रतिपिंडच सुमारे दहा नॅनोमीटर उंच. म्हणून कोणी द्रव पातळ करतात, कोणी आखूड पकडीचे पदार्थ वापरतात.

दुसरे कारण भेसळीचे. खऱ्या नमुन्यात नाना प्रकारची प्रथिने असतात, तीही पट्टीवर येऊन बसतात. कोरियाच्या त्याच प्रयोगात स्वच्छ द्रावणात एक फेम्टोग्रॅम कळत होते. पण रुग्णाचा नमुना ज्या द्रवात ठेवतात त्या द्रवात शंभर फेम्टोग्रॅम लागले. फरक शंभर पटींचा. दुकानातल्या दिव्याखाली दिसणारा रंग आणि उन्हात दिसणारा रंग यांत फरक असतो, हे कापडवाल्याला सांगायला नको. शास्त्रज्ञांनी दोन्ही आकडे प्रामाणिकपणे छापले. जाहिरात करणारा बहुधा पहिलाच छापील.

तिसरे कारण लॉटचे. उत्तम ग्राफीन तांब्याच्या पत्र्यावर सुमारे हजार अंश तापमानात तयार करतात आणि मग तो थर उचलून दुसऱ्या चकतीवर ठेवतात. उचलताना सुरकुत्या पडतात, कोठे फाटते, कोठे दोन थर एकावर एक येतात. मग एकाच कारखान्याच्या दोन पट्ट्या वेगवेगळे उत्तर देतात. एकाच शेडचे दोन लॉट शेजारी ठेवले की फरक उघड होतो, ही डोकेदुखी आपल्याला ठाऊकच आहे. दहा पट्ट्या चांगल्या करणे हा प्रयोग. दहा लाख पट्ट्या एकसारख्या करणे हा कारखाना.

हिशेबाचा धडा

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग. तो वहीवर करून पाहावा. यातील आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

समजा एका गावात १००० माणसे तपासली. त्यांपैकी ५० खरोखर बाधित आहेत. आपली चाचणी शंभर बाधितांपैकी ६० ओळखते आणि शंभर निरोग्यांपैकी ९८ जणांना निरोगी ठरवते.

पन्नास बाधितांपैकी ३० सापडले, २० निसटले. उरलेल्या ९५० निरोग्यांपैकी दोन टक्के, म्हणजे १९ जण विनाकारण बाधित ठरले. एकूण ४९ जणांना 'आहे' असे उत्तर मिळाले, त्यांत खरे ३०.

आता तीच चाचणी अशा गावात केली जेथे हजारात फक्त ५ बाधित आहेत. पाचपैकी ३ सापडले, २ निसटले. ९९५ निरोग्यांपैकी सुमारे २० विनाकारण अडकले. म्हणजे २३ जणांना 'आहे' म्हटले, त्यांत खरे अवघे ३.

चाचणी तीच, पट्टी तीच, तरी पहिल्या गावात दहापैकी सहा उत्तरे खरी आणि दुसऱ्या गावात आठांतले जेमतेम एक. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, 'नाही' आले म्हणून बेफिकीर होऊ नये, कारण काही जण निसटतातच. दुसरी, साथ नसताना सरसकट तपासणीत एखाद्याला 'आहे' आले तर त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी पक्की चाचणी करून घ्यावी. निरोगी असून बाधित ठरलेल्या त्या वीस जणांचेही रोज बुडतात, त्यांच्याही घरावर लोकांच्या नजरा लागतात. पट्टी कितीही नवी असो, ग्राफीनची असो की सोन्याच्या कणांची, हा हिशेब तिला चुकत नाही. म्हणून 'किती मिनिटांत' हा प्रश्न दुसरा आणि 'शंभरात किती खरे' हा पहिला.

कारागिरांनी काय घ्यावे

साखर मोजण्याच्या पट्ट्या मोठ्या प्रमाणावर स्क्रीन छपाईने तयार होतात. चौकटीत ताणलेली पॉलिस्टरची बारीक जाळी, तिच्यावर नक्षी, आणि रबराच्या पट्टीने ओढलेली शाई. फरक एवढाच की ही शाई कार्बनची किंवा चांदीची, आणि ती रंगासाठी नसून वीज वाहून नेण्यासाठी असते. ग्राफीन मिसळलेल्या शाईनेही अशा पट्ट्या छापल्या जातात.

याचा अर्थ आपल्या छपाईवाल्याने उद्याच तपासणीच्या पट्ट्या छापाव्यात असा नाही. त्याला स्वच्छ खोली, मोजमापाची शिस्त आणि परवाने लागतात. पण ज्या हाताला शाईची दाटी, जाळीचा ताण आणि रेघेची धार कळते, तो हात या उद्योगात अडाणी ठरत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञान व जैवतंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. सांगलीला वालचंद आणि कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. छपाईवाल्याच्या, मागवाल्याच्या मुलाने व मुलीने हे दार ठोठावावे. बापाच्या हातातील कसब आणि मुलांचे शास्त्र एकत्र आले तर त्याला बरकत येते.

व्यापाऱ्यांनी काय जपावे

नवे नाव बाजारात आले की त्याच्यामागून दावे येतात. कोरोनाच्या काळात ग्राफीन लावलेले मुखपट्ट्यांचे कापड अनेक देशांत विकले गेले. एप्रिल २०२१ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने असे मास्क वापरू नयेत असा इशारा दिला, कारण ग्राफीनचे कण श्वासावाटे फुफ्फुसात जाण्याची शक्यता होती. पुढे जुलैमध्ये काही विशिष्ट नमुन्यांची तपासणी करून, त्यांतून घातक प्रमाणात कण सुटत नाहीत असे दिसल्यावर, तेवढ्यांनाच विक्रीची मुभा मिळाली. यात शिकण्यासारखे हे की, नाव वाईट नव्हते आणि नाव पुरेसेही नव्हते. तपासून निघालेला माल तेवढा चालला.

आमच्याकडेही एक फिरता विक्रेता 'ग्राफीनचे विषाणूरोधक कापड' घेऊन आला होता. आम्ही एवढेच विचारले, कोणत्या प्रयोगशाळेचा अहवाल, कोणत्या विषाणूवर, किती धुलाईपर्यंत? त्याच्याकडे चकचकीत पुस्तिका होती, अहवाल नव्हता. आम्ही त्याला चहा दिला आणि माल परत दिला.

२०२० मध्ये डॉक्टरांच्या संरक्षक पोशाखाचे कापड कोइमतूरच्या सिट्रा या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत तपासले जाई. कृत्रिम रक्त आरपार जाते की नाही हे पाहिल्यावरच प्रमाणपत्र मिळे. जे कापड डोळ्याला सारखेच दिसे त्यातले काही उत्तीर्ण होई, काही नापास. तोच नियम तपासणीच्या पट्टीला लावावा.

कायद्याची बाजूही जाणून असावी. तपासणीचे संच हे वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली येतात. बनवणाऱ्याला व आयात करणाऱ्याला परवाना लागतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, औषधविक्रीचा परवाना नसलेल्या विक्रेत्यालाही राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणजे कापडाच्या किंवा किराणाच्या दुकानात असे संच सहज मांडून विकता येत नाहीत.

असा माल कोणी दाखवला तर पुढील पाच प्रश्न विचारावेत.

१. शंभर बाधितांपैकी किती ओळखते आणि शंभर निरोग्यांपैकी किती जणांना निरोगी म्हणते?

२. हे आकडे खऱ्या रुग्णांच्या नमुन्यांवरचे आहेत की स्वच्छ द्रावणावरचे?

३. तपासणी बनवणाऱ्यानेच केली की दुसऱ्या कोणत्या संस्थेने?

४. वेगवेगळ्या लॉटच्या पट्ट्या सारखेच उत्तर देतात का, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या किती दिवस टिकतात?

५. परवाना क्रमांक कोणता?

पाचही उत्तरे कागदावर मिळाली तर माल पाहण्याजोगा आहे. एकही उत्तर 'मागून पाठवतो' असे आले तर माल ठेवून घेऊ नये. मालाचा दोष गिऱ्हाइकाला आधी सांगणे ही आपल्या तिजारतीची जुनी शिस्त आहे. कपड्यातला दोष लपवला तर एक शर्ट वाया जातो. तपासणीच्या पट्टीतला दोष लपवला तर एक घर धोक्यात येते.

एका थराच्या पदार्थांत दम आहे यात शंका नाही. थेंबभर नमुन्यातून काही मिनिटांत खरे उत्तर देण्याची ताकद त्यांत दिसली आहे. मीठ, भेसळ आणि लॉट या तीन अडचणींवर जगभर काम चालू आहे. जी पट्टी या तिन्हींतून पार होऊन स्वस्तात तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचेल, ती आटपाडी, जत, माण, खटावच्या माणसाला पुण्याच्या रांगेतून सोडवील. तोपर्यंत आपण शिकत राहावे, मुलांना शिकवावे आणि प्रत्येक दाव्याला अहवाल मागावा.